जत्रेतला संकासुर

माझा नातू मोबाईलवर जपानी चित्रांचा खेळ पाहतो. त्यातला पोरगा दहादा पडतो, दहादा उठतो. मी म्हटले, "बाळा, असा एक आपल्याकडेही आहे."

मंडळी, तुम्ही त्याला ओळखता. दशावतारातला संकासुर! आधी गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव येतात. मग हा येतो. काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा. राक्षस वेद पळवणारा, पण बोलतो आपली मालवणी. त्याचे बोलणे कुठे लिहिलेले नसते. समोरचा गाव बघून तो बोलतो. म्हणून तोल सांभाळावा लागतो. हसवायचे, पण कुणाचे मन दुखवायचे नाही. वेद पळवण्याहून हे कठीण, असे मला वाटते.

एका वर्षी जामसंड्यात अवेळी पाऊस पडला. आंब्याचा मोहोर गळाला. आमच्या शेजाऱ्यांनी कर्ज काढून बाग राखली होती. माघातल्या जत्रेत ते मान खाली घालून बसले होते. संकासुराने ब्रह्मदेवाला विचारले, "देवानू, मोहोर गळल्यार काय करूचा, ता तुमच्या वेदात लिवला हा काय?" ब्रह्मदेव गप्प! सारी जत्रा हसली. शेजारीही हसले. चेष्टा पावसाची होती, त्यांची नव्हती.

मग विष्णू आले. संकासुर नेहमीसारखा मेला. पहाटे पाहतो तर देवळामागे चहा पीत बसलेला! बुरखा घडी करून पेटाऱ्यात ठेवलेला. रात्री दुसऱ्या गावात पुन्हा मरायचे होते.

शेजारी घरी गेले नाहीत. उरलेला मोहोर बघायला तसेच बागेकडे वळले.