अंगठा आणि अक्षर

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. दहा बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा आणि छायाचित्र यांच्या आधारे प्रत्येक व्यक्तीला बारा अंकी क्रमांक देणारी ही व्यवस्था आहे. तिचे तंत्रज्ञान केंद्र बंगळुरू येथे आहे. या शहरात पोटापाण्यासाठी आलेला निपाणीचा कामगार असो किंवा मोठ्या कंपनीतील अभियंता असो, त्याने यंत्रावर बोट टेकवले की ठसा नोंदीशी ताडून पाहिला जातो आणि तो माणूस तोच आहे, याची खात्री पटते.

अंगठ्याचा हा मान नवा आहे. एके काळी कागदावर अंगठा उठवणे हे निरक्षरतेचे लक्षण मानले जाई. ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द त्यातूनच आला आणि तो ऐकणाऱ्याच्या मनाला लागत असे. आज साक्षर आणि निरक्षर दोघेही त्याच यंत्रावर बोट ठेवतात. मग अक्षराचे महत्त्व संपले काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना ओळख या शब्दाचे दोन अर्थ ध्यानात घ्यावे लागतात. आपण कोण आहोत हे कार्यालयाला पटवणे ही एक ओळख होय. आपले मन आपल्या माणसाला कळणे ही दुसरी. अंगठ्याचा ठसा जन्मतः मिळतो. तो बदलता येत नाही आणि त्यातून काही सांगताही येत नाही. अक्षर मात्र कष्टाने कमवावे लागते.

मराठीत सहीला आपण ‘हस्ताक्षर’ म्हणतो आणि स्वतःच्या हातच्या लिखाणालाही हाच शब्द वापरतो. एकाच वर्गात, एकाच गुरुजींनी गिरवून घेतलेली मुळाक्षरे पुढे प्रत्येकाच्या हाती वेगळे वळण घेतात. कोणाची शिरोरेषा सरळ जाते, तर कोणाची उतरत जाते. कोणी वेलांटी ऐटीत काढतो, कोणी काना आखूड ठेवतो. लेखणीवरचा दाब, शब्दांमधील अंतर, लिहिण्याचा वेग या साऱ्यांची मिळून एक सवय बनते. आजारपणात किंवा उतारवयात अक्षर कापू लागते, आणि पत्र वाचणाऱ्याला न सांगताही लिहिणाऱ्याची प्रकृती कळते.

ही गोष्ट कायद्यानेही मानली आहे. एखादे लेखन कोणाचे, असा प्रश्न न्यायालयात उपस्थित झाला तर केवळ तज्ज्ञाचेच मत घेतले जाते असे नाही. १८७२ च्या भारतीय साक्ष अधिनियमातील कलम ४७ नुसार त्या अक्षराशी परिचित असलेल्या व्यक्तीचे मतही ग्राह्य धरले जाई. आपण लिहिलेल्या पत्रांना ज्याच्याकडून उत्तरे येत गेली, त्याचे अक्षर आपल्या परिचयाचे आहे, असे हा कायदा मानत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. याचा अर्थ असा, की पत्रव्यवहार हा परस्परांना ओळखण्याचा एक मार्ग आहे.

आपल्या इतिहासात पत्राला मोठे स्थान आहे. बंगळुरू ही एके काळी शहाजीराजांची जहागीर होती. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे पुढे तंजावरला गेले. १६७७ च्या कर्नाटक मोहिमेनंतर ते खिन्न होऊन कारभारातून मन काढून बसले आहेत, असे कळल्यावर शिवाजी महाराजांनी त्यांना धीर देणारे आणि कर्तव्याची जाणीव करून देणारे पत्र पाठवले. भाऊ भावाला काय सांगतो, हे आजही त्या पत्रातून वाचता येते. त्या काळी राजेरजवाड्यांची पत्रे सामान्यतः चिटणीस किंवा कारकून मोडी लिपीत लिहीत आणि त्यांवर धन्याची मुद्रा व शेवटी मोर्तब उमटवली जाई. मजकूर लिहिणारा हात एकाचा आणि अधिकार दुसऱ्याचा, म्हणूनच मुद्रेची गरज भासे.

दुसऱ्याच्या हातून मजकूर गेला की काय घडू शकते, हे ‘ध चा मा करणे’ या वाक्प्रचारात साठवले आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांनी पत्रात ‘धरावे’ असे लिहिले होते आणि आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, अशी आख्यायिका आहे. हा सिद्ध झालेला इतिहास नव्हे. तरीही समाजाने ही कथा अडीचशे वर्षे जपली, कारण एका अक्षराच्या फेरफाराने केवढा अनर्थ होऊ शकतो, हे तिने सर्वांना पटवून दिले.

सामान्य माणसाचा अनुभवही यापेक्षा फार निराळा नव्हता. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिससमोर अनेक दशके पत्रलेखक बसत असत. गावाकडून आलेले मजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यांच्याकडून पत्रे लिहवून घेत आणि मनीऑर्डरचे अर्ज भरून घेत. या लेखकांनी असंख्य कुटुंबांना जोडून ठेवले, हे त्यांचे मोठे उपकार आहेत. परंतु परक्या माणसासमोर बसून पत्नीला काय सांगावे? कर्जाची अडचण, सासरचा जाच, मनातील भीती अशा कितीतरी गोष्टी ओठांवर येऊन परत जात असतील. शेवटी ‘इकडे सर्व खुशाल आहे’ एवढेच कागदावर उतरे. गावी ते पत्र वाचून दाखवणाराही बहुधा दुसराच कोणी असे. दोन माणसांच्या बोलण्यात अशी आणखी दोन माणसे उभी राहत.

म्हणूनच गांधीजी अक्षराला महत्त्व देत असत. आपले अक्षर चांगले नाही याची त्यांना खंत होती, आणि वाईट अक्षर ही अपुऱ्या शिक्षणाची खूण समजावी, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. १९०९ मध्ये बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा हात थकला, तेव्हा त्यांनी काही पाने डाव्या हाताने लिहिली. मार्च १९२७ मध्ये दौऱ्यावर असताना कोल्हापूर येथे त्यांची प्रकृती बिघडली. विश्रांतीसाठी ते निपाणी, आंबोली येथे राहिले, एप्रिलमध्ये नंदी पर्वतावर गेले आणि जूनपासून बंगळुरूत मुक्कामी होते. या आजारपणातही साबरमती आश्रमातील भगिनींना ते पत्रे लिहीत होते. दूर असूनही पत्रांच्या द्वारे ते आश्रमाच्या दैनंदिन जीवनात सहभागी राहिले.

मराठी पत्राची रचनाही ओळखीवरच उभी आहे. आईवडिलांसाठी ‘तीर्थरूप’, अन्य वडीलधाऱ्यांसाठी ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांसाठी ‘चिरंजीव’ असा मायना आपण लिहितो. कोणाला साष्टांग नमस्कार, तर कोणाला अनेक आशीर्वाद देतो. मायना लिहिताना ‘मी यांचा कोण?’ या प्रश्नाचे उत्तर प्रथम द्यावे लागते. एकच माणूस एका पत्रात मुलगा असतो, दुसऱ्यात थोरला भाऊ, तिसऱ्यात मित्र. बारा अंकी क्रमांक सर्वत्र सारखाच राहतो; पत्रातील ‘मी’ मात्र नात्यानुसार बदलतो आणि प्रत्येक वेळी खराच असतो.

आज भ्रमणध्वनीवर क्षणात बोलता येते, आवाज ऐकू येतो, चेहराही दिसतो. ही सोय मोलाची आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. तथापि बोलणे हवेत विरते, तर पत्र पेटीत उरते. लिहिताना आपण थांबतो, शब्द खोडतो, पुन्हा विचार करतो. त्यामुळे जे बोलून दाखवता येत नाही, ते पुष्कळदा लिहून सांगता येते.

मोठ्या वयात शिकणाऱ्याचे अक्षर प्रथम वाकडेतिकडे येते आणि त्याला संकोच वाटतो. परंतु आईच्या हाती पडणाऱ्या त्या चार ओळींमध्ये तिसरा कोणी नसतो. मुलाने काय लिहिले आहे ते तिला कळेलच. शिवाय हे त्याने स्वतः लिहिले आहे, हेही त्या वाकड्या अक्षरांवरूनच कळेल.