मूळ, नक्कल आणि बनावट : जुन्या मोटारीच्या इंजिनाची साक्ष

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु पाठचिकित्सकाचा प्रश्न आणि जुन्या गाडीच्या परीक्षकाचा प्रश्न मुळात एकच आहे. समोरची वस्तू ज्या नावाने ओळखली जाते, तीच ती आहे काय, आणि ते कोणत्या साक्षींवरून ठरवावयाचे? बावधन येथे घडलेल्या एका लहानशा प्रसंगाच्या आधाराने या प्रश्नाचा विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

१. बावधनची गाडी

चांदणी चौकाकडून बावधनात उतरताना महामार्गालगत जी गॅरेजे आहेत, त्यांपैकी एकात आमच्या एका स्नेह्यांची एम.जी.ए. ही दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार दुरुस्तीसाठी उभी होती. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९५५ ते १९६२ या काळात या जातीच्या एक लाखाहून थोड्या अधिक गाड्या तयार झाल्या. ही गाडी आरंभीच्या, म्हणजे १४८९ घनसेंटिमीटर इंजिनाच्या प्रकारातली. गाडीचे इंजिन मूळचेच आहे किंवा कसे, हे स्नेह्यांना निश्चित करून हवे होते. त्यांच्या हाती तीन साक्षी होत्या : इंजिनाच्या उजव्या अंगाला रिव्हेटने बसविलेली धातूची लहानशी पट्टी, नोंदणीपुस्तक, आणि कारखान्याच्या नोंदवह्यांवरून दिलेला दाखला. या वह्या इंग्लंडमध्ये गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जतन केलेल्या असून, त्यांवरून मागणीप्रमाणे दाखला मिळतो. तिन्ही ठिकाणी इंजिनाचा क्रमांक एकच होता. बाजाराच्या परिभाषेत ही ‘मॅचिंग नंबर’ची गाडी ठरत होती. व्यवहार तेथेच संपावयाचा.

परंतु पट्टीकडे बारकाईने पाहता दोन गोष्टी खटकल्या. पट्टीच्या भोकांच्या कडा उचकटल्यासारख्या वाकलेल्या होत्या, आणि रिव्हेट पट्टीहून बरेच नवे दिसत होते. शिवाय ठोकळा धुऊन काढल्यावर त्याच्या अंगावरचे ओतकामातले आकडे वाचता आले. ते त्या काळातील एम.जी.ए.च्या ठोकळ्यांवरील आकड्यांशी जुळेनात. गॅरेजच्या चालकांनी आपल्या वडिलांना बोलावून आणले. वडील वयोवृद्ध, पूर्वी स्वतःच मिस्त्रीकाम केलेले. ते हसून म्हणाले, “सर, ब्लॉक फुटला होता. विलायतेहून ब्लॉक त्या काळी कुठून आणायचा? अँबेसिडरचा बसवला. पट्टी मात्र जुनीच लावली. नाहीतर पासिंगच्या वेळी पुस्तकाशी नंबर कसा जुळणार होता?”

तीन लेखी साक्षी एकमुखाने जे सांगत होत्या, ते एका तोंडी साक्षीने खोटे ठरविले. असे का व्हावे, हाच आपल्या विचाराचा विषय आहे.

२. अँबेसिडरचाच ठोकळा का?

मिस्त्रींचे म्हणणे विश्वसनीय का मानावयाचे, यास तांत्रिक कारण आहे. एम.जी.ए.चे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतले. हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात तयार होणाऱ्या अँबेसिडरलाही पुढे अनेक वर्षे याच मालिकेतले, याच १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. मस्तक, कार्ब्युरेटरांची संख्या व इतर जोडण्या यांत फरक असला, तरी दोहोंचे कूळ एक. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या त्या दशकांत परदेशी गाडीचा ठोकळा निकामी झाला, तर मालकापुढे दोनच मार्ग उरत : गाडी कायमची उभी ठेवावी, किंवा देशात मिळणाऱ्या सजातीय इंजिनावर ती चालती ठेवावी. येथे दुसरा मार्ग पत्करला गेला. यात फसवणुकीचा हेतू नव्हता. हेतू गाडी रस्त्यावर ठेवण्याचा होता. मात्र पट्टी हलविल्यामुळे, हेतू नसतानाही, एक असत्य विधान तयार झाले.

३. शब्दविचार

मोडी कागदपत्रांच्या अभ्यासकांस ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ या संज्ञा परिचित आहेत. ज्या कागदावर व्यवहार प्रत्यक्ष घडला तो अस्सल. त्याची नंतर केलेली प्रत ती नक्कल. नक्कल म्हणजे खोटा कागद नव्हे. नक्कल म्हणून जी सादर केली जाते, ती प्रामाणिक साक्ष होय. खोट्या कागदासाठी आपल्याकडे ‘बनावट’ हा स्वतंत्र शब्द आहे. म्हणजे भेद दोन पदांचा नसून तीन पदांचा आहे. मोटारींच्या बाजारात मात्र ‘मॅचिंग’ आणि ‘नॉन-मॅचिंग’ अशी दोनच पदे वापरली जातात, आणि त्यामुळे प्रामाणिक बदली व अप्रामाणिक छाप यांतील अंतर पुसले जाते. वस्तुतः बदलीची प्रथा कारखान्यांनाही मान्य होती. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन स्वतःच ‘गोल्ड सील’ या नावाने पुनर्बांधणी केलेली इंजिने जुन्याच्या बदल्यात देत असे, व त्यांवर नवे क्रमांक घालीत असे. असे इंजिन मूळ नव्हे. पण ते बनावटही नव्हे.

व्युत्पत्तीच्या दृष्टीनेही हे शब्द बोलके आहेत. ‘अस्सल’ ज्या अरबी शब्दापासून आला त्याचा अर्थ ‘मूळ’ असाच आहे. तेव्हा ‘मूळ’ व ‘अस्सल’ हे उगमाच्या दृष्टीने समानार्थक होत. ‘नक्कल’ ज्या अरबी शब्दापासून आला त्याचा आरंभीचा अर्थ मात्र ‘एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे’ असा आहे, व त्यातूनच ‘उतरून घेणे’ हा अर्थ निघाला. बावधनच्या गाडीत घडली ती अक्षरशः या पहिल्या अर्थाची नक्कल होय. पट्टी अस्सल होती. ती एका ठोकळ्यावरून दुसऱ्यावर नेली गेली. ताम्रपटांच्या अभ्यासकांना हा प्रकार नवा नाही. मुद्रा अस्सल असूनही, तिची कडी एकदा कापलेली असेल, तर मुद्रा व पत्रे मुळात एकत्र होती हे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच ताम्रपट हाती आला तेव्हा कडी अखंड होती की कापलेली, याची नोंद केली जाते. इंजिनावरील रिव्हेट ही तशीच कडी होय.

४. साक्षींचे प्रकार

इंजिनावरील साक्षींचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग जोडलेल्या पट्टीचा. ही साक्ष वाचावयास सर्वांत सोपी व हलवावयासही सर्वांत सोपी. तथापि तिच्या मजकुरालाही एक व्याकरण असते. एम.जी.ए.च्या क्रमांकापूर्वी ‘१५जीबी/यू/एच’ यासारखा उपसर्ग येतो. त्यात ‘१५’ हे घनफळाचे, ‘जी’ हे एम.जी.चे, ‘यू’ हे गाडीच्या मध्यभागी असलेल्या गिअरदांड्याचे आणि ‘एच’ हे उच्च दाबाचे चिन्ह आहे. प्रत्यक्ष इंजिनाचे घनफळ किंवा दाब या उपसर्गाशी विसंगत असेल, तर अंक बरोबर असूनही ‘वाक्य’ अशुद्ध ठरते. केवळ अंक नकलणारा मनुष्य पुष्कळदा या व्याकरणात चुकतो.

दुसरा वर्ग ठोकलेल्या अंकांचा. येथे अंकांचे वळण, खोली, अंतर व ज्या पृष्ठावर ते ठोकले ते पृष्ठ, या चारही गोष्टी पाहाव्या लागतात. अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीच्या इंजिनांवर अंक ठोकण्याच्या जागी यंत्राने कातल्याच्या बारीक समांतर रेघा असतात. जुना अंक घासून नवा ठोकला, तर या रेघा नाहीशा होतात. परंतु दुरुस्तीच्या वेळी ठोकळ्याचा माथा प्रामाणिकपणे घासला, तरीही त्या नाहीशा होतात. म्हणून रेघांचा अभाव हा संशयास कारण आहे, पुरावा नव्हे. त्याचप्रमाणे अंक वाकडे आहेत एवढ्यावरून ते बनावट ठरत नाहीत. कारखान्यातही पुष्कळ ठिकाणी ते हातानेच ठोकले जात. घासलेला अंक क्वचित पुन्हा वाचता येतो. ठोकलेल्या अंकाखालील धातू दबून त्याची घडण बदललेली असते, आणि आम्लाच्या प्रयोगाने ती उघड होऊ शकते. खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रावरील आधीची अक्षरे वाचावीत, तसाच हा प्रकार. ओतीव लोखंडात मात्र तो पोलादाइतका सहज साधत नाही.

तिसरा वर्ग ओतकामातच उठलेल्या चिन्हांचा. ती साच्यातून येतात. म्हणून ती बदलणे कठीण, आणि ग्राहकाचे त्यांकडे लक्ष नसल्याने ती बदलण्याचा मोहही कमी. शेव्हरोलेच्या ठोकळ्यावर महिन्यासाठी एक अक्षर, मग दिनांक, आणि वर्षाचा केवळ शेवटचा अंक, अशी तारीख आढळते. त्यामुळे ‘७’ हा अंक १९५७ चा की १९६७ चा, हे अन्य लक्षणांवरून ठरवावे लागते. येथे क्रमाचा नियम लागू होतो : ओतकाम आधी, इंजिनाची जुळणी नंतर, गाडीची बांधणी त्यानंतर. गाडी बांधून झाल्यावर ओतलेला ठोकळा त्या गाडीचा मूळ ठोकळा असणे अशक्य.

चौथा वर्ग कागदपत्रांचा : कारखान्याची वही, आयातीचे कागद, नोंदणीपुस्तक, विम्याचे कागद, जुनी छायाचित्रे.

५. साक्षींचे स्वातंत्र्य

एवढ्या साक्षी गोळा झाल्या म्हणजे निर्णय झाला, असे मात्र नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा विद्यार्थ्यांस परिचय आहेच. डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी तेथे जी पद्धती घालून दिली, तिचे एक मर्म असे की, पोथ्यांची संख्या महत्त्वाची नसून त्यांचे परस्परस्वातंत्र्य महत्त्वाचे आहे. एकाच आदर्शावरून उतरलेल्या पन्नास पोथ्या मिळून एकच साक्ष होते. उलट काश्मीरकडील आणि दक्षिणेकडील परंपरा, एकमेकींपासून दूर वाढलेल्या असूनही, एखाद्या पाठावर एकमत असतील, तर त्या एकमताला वजन येते.

हाच नियम बावधनच्या गाडीला लावून पाहू. नोंदणीपुस्तकातील क्रमांक कोठून आला? कारकुनाने पट्टी वाचून तो लिहिला, म्हणून. अर्थात पुस्तक ही पट्टीचीच नक्कल. कारखान्याची वही पट्टीहून स्वतंत्र नाही, कारण पट्टी त्याच कारखान्यातून निघाली. तेव्हा तीन साक्षींचे एकमत पट्टीविषयी आहे, ठोकळ्याविषयी नाही. ठोकळ्याविषयी बोलणाऱ्या साक्षी दोनच होत्या : ओतकामातले आकडे आणि वृद्ध मिस्त्रींची आठवण. त्या खऱ्या अर्थाने परस्परस्वतंत्र होत्या, आणि त्या एकमेकींशी जुळल्या.

यातून एक व्यावहारिक सावधगिरीही निघते. कारखान्याचा दाखला मागाहून मिळाला, की आधी तो? दाखला हाती आल्यावर ठोकलेला अंक दाखल्याशी जुळणारच. त्या जुळण्यास काहीच मोल नाही. म्हणून इंजिनावरील क्रमांकाची दाखल्याच्या तारखेपूर्वीची एखादी नोंद, मग ती विम्याच्या कागदावरची का असेना, शोधणे अगत्याचे आहे. सर्व काही अतिशय नेटके जुळत असेल, तेव्हाच परीक्षकाने पुन्हा एकदा पाहावे. कठीण पाठ हा सोप्या पाठाहून पुष्कळदा प्राचीन असतो. त्याचप्रमाणे एखादी न सुटणारी पण स्पष्टीकरण देता येणारी विसंगती कित्येकदा सचोटीचेच लक्षण असते.

६. निर्णयाचे परिणाम

हा वाद केवळ शास्त्रीय नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून तिची मुदत दहा वर्षांची आहे. ‘मूळ’ या एका विशेषणावर आता कायदेशीर स्थान आणि बाजारभाव ही दोन्ही अवलंबून आहेत. सजातीय ठोकळा हा मोठा फेरफार मानावयाचा काय, हा प्रश्न अर्थनिर्णयाचा आहे.

या संदर्भात इंग्लंडमधील एक निवाडा मननीय आहे. १९२९ व १९३० साली ल मां येथील शर्यत जिंकणाऱ्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटली गाडीच्या एक कोटी पौंडांच्या व्यवहारावरून वाद होऊन तो उच्च न्यायालयात गेला. गाडीचे बहुतेक सर्व भाग काळाच्या ओघात बदललेले होते. १९९० मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की, या गाडीला ‘मूळ’ म्हणता येणार नाही; परंतु तिचा इतिहास अखंड असल्यामुळे ती ‘अस्सल’ होय. उगमाने समानार्थक असलेले आपले दोन शब्द इंग्रजी निवाड्याच्या भाषांतरात सहज वेगळे कामी येतात, हे लक्षणीय आहे. ‘मूळ’ हा द्रव्याविषयीचा शब्द आहे, तर ‘अस्सल’ हा परंपरेविषयीचा.

हाच भेद बावधनच्या गाडीस लावला, तर गाडी अस्सल, पट्टी अस्सल, ठोकळा बदललेला, आणि पट्टी व ठोकळा यांचा संबंध असत्य, असा चार भागांचा निर्णय द्यावा लागतो. एका शब्दात तो मावत नाही.

७. उपसंहार

आमच्या स्नेह्यांना एका मध्यस्थाने सल्ला दिला होता की, तिन्ही कागद जुळत असताना मिस्त्रींचे बोलणे कशाला उकरून काढावयाचे. स्नेह्यांनी दोन दिवस विचार केला. गाडीची किंमत कमी होणार, हे उघड होते. अखेर त्यांनी वृद्ध मिस्त्रींचे निवेदन लिहून घेतले, त्यावर त्यांची सही घेतली, ओतकामातल्या आकड्यांची छायाचित्रे सोबत लावली, आणि ते सर्व गाडीच्या कागदांत ठेवले. पट्टी त्यांनी काढली नाही. तिच्याजवळ ती कोठून आली याची नोंद ठेवली. चिकित्सक संपादक अमान्य पाठ नष्ट करीत नाही, तळटीपेत देतो. तसेच हे झाले.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी यात एक सूचना आहे. आयातबंदीच्या काळात परदेशी यंत्रे ज्यांनी देशी सामग्रीवर चालती ठेवली, ते मिस्त्री आता थकले आहेत. कोणत्या गाडीत कोणता ठोकळा गेला, हे कित्येकदा त्यांच्याखेरीज कोठेही नोंदलेले नाही. त्यांच्या आठवणी, आणि त्यांची समृद्ध परिभाषाही, वेळीच लिहून घेतली पाहिजे. पट्ट्या टिकतील, त्या कोणी व का हलविल्या, हे सांगणारे टिकणार नाहीत.