रुपयाचा भाव आणि बाबासाहेबांचा प्रश्न

परदेशी शिकणाऱ्या मुलांना पैसे पाठविण्यासाठी पालक बँकेत येतात, तेव्हा आम्हां कारकुनांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "साहेब, गेल्या खेपेला एवढ्याच पौंडांना कमी रुपये पडले होते, आज जास्त कसे?" आम्ही भिंतीवरच्या दरफलकाकडे बोट दाखवतो आणि फॉर्म पुढे सरकवतो. खरे उत्तर देत नाही. त्या उत्तराची सुरुवात ज्या ग्रंथात सापडते, तो आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटात आहे. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली काढलेला बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा सहावा खंड, आणि त्यातला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. आपण त्याला हार घालतो. वाचतो किती, हे ज्याने त्याने आपल्याशी ठरवावे.

आधी हिशेबाची भाषा समजून घेऊ. जुन्या पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. त्या काळी एका रुपयाला किती पेन्स, असा भाव सांगत. आज एका पौंडाला किती रुपये, असा सांगतात. म्हणून जुन्या पुस्तकातला आकडा वाढला तर रुपया वधारला असे समजायचे, आणि आजचा आकडा वाढला तर रुपया घसरला. विद्यार्थ्यांचा घोटाळा नेमका इथेच होतो.

१८३५ च्या कायद्याने रुपया १८० ग्रेन वजनाचा ठरला, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. इंग्लंडचा पौंड मात्र सोन्याचा. सोने आणि चांदी यांचे परस्परांतील मोल टिकले तोवर रुपयाला सुमारे २ शिलिंग मिळत, म्हणजे पौंडाला १० रुपये पडत. १८७१ नंतर जर्मनीने चांदी सोडून सोने धरले, इतर देशही त्या वाटेला लागले, खाणींतून चांदी भरमसाट निघू लागली आणि चांदीचा भाव कोसळला. १८९२-९३ पर्यंत रुपया १५ पेन्सवर आला. पौंडाला १६ रुपये! हिंदुस्थान सरकारला गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, कर्जावरील व्याज आणि लंडनमधील कचेरीचा खर्च पौंडांत भागवावा लागे. तेवढ्याच पौंडांसाठी आता जास्त रुपये लागत, आणि ते शेवटी इथल्या करदात्याकडूनच वसूल होत. अखेर १८९३ साली सरकारने लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले. पुढे १८९९ मध्ये पौंडाचे सोन्याचे नाणे १५ रुपयांना कायदेशीर ठरले. हाच तो १ शिलिंग ४ पेन्सचा प्रसिद्ध भाव.

पहिल्या महायुद्धात उलटे झाले. चांदी महागली, रुपया चढला आणि १९२० मध्ये सरकारने २ शिलिंग हा भाव कायद्यात घातला. तो टिकला नाही. १९२१ उजाडेपर्यंत बाजारात रुपया १ शिलिंग ४ पेन्सच्या आसपास, कधी त्याच्याही खाली आला होता. याच काळात, जुलै १९२० मध्ये, सिडनहॅम कॉलेजातील नोकरीतून शिल्लक टाकलेले पैसे आणि स्नेह्यांची मदत घेऊन बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. २ शिलिंगांच्या भावाने १,००० रुपयांचे १०० पौंड होतात. १ शिलिंग ४ पेन्सने ६६ पौंड, १३ शिलिंग, ४ पेन्स. इकडून जाणाऱ्या पैशावर लंडनमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक पुस्तकातून शिकावा लागत नव्हता.

पण ग्रंथात त्यांनी स्वतःचे गाऱ्हाणे मांडलेले नाही. त्यांनी विचारले ते असे : रुपया घसरला की कोणाचे भले होते आणि कोणाच्या खिशातून? कापूस परदेशी धाडणाऱ्या व्यापाऱ्याला तेवढ्याच पौंडांचे जास्त रुपये मिळतात. इकडे वस्तूंचे भाव चढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते. व्यापाऱ्याचा हा नफा देशाचा नफा नव्हे, तो एका वर्गाने दुसऱ्याकडून काढून घेतलेला वाटा आहे, असे त्यांनी दाखवून दिले. गिरणीत व गोदीत राबणारा आपला समाज कोणत्या बाजूला होता, हे सांगायला नकोच.

दोष त्यांना दिसला तो चलनाच्या रचनेतच. नाण्यातली चांदी स्वस्त आणि त्यावरचे मोल जास्त. त्यामुळे हवे तेवढे रुपये पाडण्याची मुभा सरकारच्या हाती राहिली. केन्ससारख्या पंडिताने १९१३ साली या पद्धतीची वाखाणणी केली होती. बाबासाहेबांनी ती साफ नाकारली. रुपये पाडण्यावर पक्की मर्यादा घाला, देशात रुपयाची खरेदीशक्ती स्थिर ठेवा, मग परदेशी भावही स्थिर राहील, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी मतभेद न लपवता ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि १९२३ मध्ये तो लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

१९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. रुपया १६ पेन्सचा की १८ पेन्सचा, या दोन पेन्सांवरून तेव्हा देशभर रण पेटले होते. मुंबईच्या बड्या व्यापाऱ्यांना १६ हवे होते, सरकारला १८. १९२७ च्या कायद्याने १८ ठरले. याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. आपले काही वक्ते उत्साहाच्या भरात ही बँक बाबासाहेबांनीच स्थापन केली असे सांगतात. त्यांनी केलेले काम एवढे मोठे आहे की त्यात आपण पदरची भर घालण्याचे कारण नाही.

१८ पेन्स म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. हा भाव जवळजवळ चाळीस वर्षे चालला. ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने पौंड २१ रुपयांचा झाला. पुढच्याच वर्षी इंग्लंडने स्वतः पौंड उतरवला, तेव्हा १८ रुपयांवर आला. १९७५ मध्ये रुपयाची पौंडाशी बांधलेली गाठ सुटली. जुलै १९९१ मध्ये दोन हप्त्यांत अवमूल्यन झाले आणि १९९३ पासून बाजार भाव ठरवू लागला. आज पौंडाने शंभरी केव्हाच ओलांडली आहे.

विद्यार्थी मित्रांनी ग्रंथ हाती घेतल्यावर पहिली दोन प्रकरणे जड वाटली तर बाजूला ठेवू नये. चांदीच्या चलनाच्या अस्थिरतेचे दुष्परिणाम सांगणारे तिसरे प्रकरण आधी वाचावे. शेजारी कागद-पेन्सिल ठेवावी, आणि जिथे पेन्स येतील तिथे २४० ला त्या आकड्याने भागून पौंडाला किती रुपये पडतात ते समासात लिहीत जावे.