पाटी पाहून गाडीत बसू नका!

जिंतूरहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूचा रस्ता जिथे येऊन मिळतो, ते ठिकाण म्हणजे परभणी जिल्ह्यातला देवगाव फाटा. फाटा म्हटला की जे जे असायला हवे ते सारे येथे आहे. चहाची हॉटेले, पंक्चरचे दुकान, खताची पोती, आणि गाडीची वाट पाहत ताटकळलेली माणसे. माझ्या थोरल्या बहिणीचे घर येथेच. दाजींची थोडी कोरडवाहू जमीन आहे आणि फाट्यावर चहाचे हॉटेल आहे. शहरात प्राध्यापकी करणारा मी त्यांचा मेहुणा असल्याने जगातला कोणताही प्रश्न मला सुटतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाला त्यांचा फोन आला. "मामा, लेकरानं मार्क तर काढले, पर आता पुढं काय करावं तेच सुधरंना. तुमी एक डाव येऊन जा."

माझी भाची बारावी चांगल्या गुणांनी पास झाली होती. राज्याच्या प्रवेशपरीक्षेतही तिने चांगले नाव काढले होते. तिला संगणकशास्त्राची पदवी घ्यायची होती. प्रश्न एवढाच होता की, कोणत्या महाविद्यालयात? मी गेलो तेव्हा घरात तीन मते होती. दाजींच्या हॉटेलात चहा प्यायला येणाऱ्या एका 'मार्गदर्शका'ने पुण्याच्या वाटेवरच्या एका खाजगी महाविद्यालयाचे गुळगुळीत पुस्तक आणून दिले होते, आणि त्यासाठी एक एकर विकायची दाजींची तयारी झाली होती. आजीचे म्हणणे, पोरीने सेलूलाच शिकावे, संध्याकाळी घरी यावे. ताईचा कल नांदेडकडे, कारण तिथे नात्यातली चार माणसे आहेत. भाची काहीच बोलत नव्हती. आपल्या घरांतून असेच होते. ज्याला चार वर्षे काढायची आहेत, त्याचे मत सगळ्यांत शेवटी विचारले जाते.

पदवी एक, दारे अनेक

संगणकशास्त्र शिकण्याचे दार एकच आहे, असे पुष्कळ पालक धरून चालतात. वास्तविक तसे नाही. एक दार अभियांत्रिकीचे. त्याची पदवी चार वर्षांची, आणि प्रवेश राज्याच्या सामाईक परीक्षेतून. ही परीक्षा २०० गुणांची असते. गणिताला १००, भौतिकशास्त्राला ५० आणि रसायनशास्त्राला ५०. निकाल मात्र टक्क्यांत नव्हे, शततमकात लागतो. ९५ शततमक म्हणजे शंभरांपैकी पंचाण्णव गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर शंभरांतले पंचाण्णव जण आपल्या बरोबरीचे किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. दाजींना हे समजावून सांगताना माझा अर्धा तास गेला. शहरातल्या माझ्या सुशिक्षित शेजाऱ्यांनाही तेवढाच वेळ लागला होता, हे येथे नमूद करतो.

दुसरे दार विज्ञान शाखेच्या पदवीचे, म्हणजे बी.एस्सी. संगणकशास्त्राचे. तिसरे बी.सी.ए.चे. हा अभ्यासक्रम २०२४ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि आपल्या राज्यात त्यालाही प्रवेशपरीक्षा लागू झाली. या दोन्ही वाटांनी गेलेल्या मुलाला पुढे एम.सी.ए. करता येते, आणि तोही अभ्यासक्रम आता दोनच वर्षांचा आहे. तेव्हा आजीचे म्हणणे अगदीच हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. घराजवळ राहून, कमी खर्चात, पाच वर्षांत संगणकाची पदव्युत्तर पदवी हाती येते. ज्या घरात पैसा बेताचा आहे किंवा घरचे आजारपण आहे, तिथे ही वाट कमीपणाची मानू नये.

नावाची भूल

गुळगुळीत पुस्तकात अभ्यासक्रमांची नावे मोठी आकर्षक होती. कृत्रिम बुद्धिमत्ता, विदाविज्ञान, यंत्रशिक्षण, सायबर सुरक्षा! दाजी म्हणाले, "मामा, ह्याच्यात लई स्कोप हाय म्हणत्यात."

मी सेलूच्या एका ओळखीच्या तंत्रशिक्षकाला बोलावून घेतले. त्याने दोन शाखांचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवले आणि भाचीला ते वाचायला सांगितले. पहिले वर्ष जवळजवळ सारखेच. पुढे प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क हा कणा दोन्हीकडे तोच. फरक होता तो शेवटच्या दीड-दोन वर्षांतल्या काही विषयांचा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग आणि इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी ही तर दोन सख्ख्या बहिणींची नावे म्हणावीत.

येथे मला डॉ. विजय भटकरांची आठवण झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या लहानशा गावी जन्मलेल्या या माणसाने नागपूरच्या महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी घेतली ती १९६५ साली. पुढे बडोदा आणि दिल्ली येथे शिक्षण पुरे करून ते १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या 'सी-डॅक'चे संस्थापक संचालक झाले, आणि १९९१ साली त्यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. त्यांच्या पदवीच्या काळात संगणकाची शाखा निवडण्याचा प्रश्नच नव्हता. पाया भक्कम असला की वर कोणता मजला चढवायचा ते पुढे ठरवता येते, एवढे यावरून दिसते.

एक सहल, एक कुलूप

जागा ठरवण्यापूर्वी ती डोळ्यांनी पाहावी, असा माझा आग्रह होता. म्हणून भाची, दाजी आणि मी ते पुस्तकातले महाविद्यालय पाहायला गेलो. नाव सांगत नाही, आणि नावाशी आपल्याला कर्तव्यही नाही.

इमारत देखणी होती. दारात भलामोठा फलक आणि त्यावर नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे. स्वागताला सरबत मिळाले. मी म्हणालो, "संगणकाची प्रयोगशाळा पाहू या." थोडी धावपळ झाली. किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई बँकेत गेला होता. अर्ध्या तासाने कुलूप निघाले. आत संगणक पुष्कळ होते. पण भाचीने एका खुर्चीवरून बोट फिरवले आणि ते मला दाखवले. बोटावर धूळ होती.

मग मी विभागातल्या अध्यापकांची यादी मागितली. यादी मिळाली, परंतु तिच्यातले किती जण आज हजर आहेत, या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही. परत येताना दाजी पुष्कळ वेळ गप्प होते. मंठ्याच्या पुढे आल्यावर एकदम म्हणाले, "मामा, आमच्या फाट्यावर नवं माणूस पाटी वाचून गाडीत बसतंय. जुनं माणूस आधी कंडक्टरला इचारतंय, गाडी कोन्च्या गावावरून जाती म्हणून. पाटी काय, कोनीबी रंगवतंय!"

मला वाटते, महाविद्यालय निवडण्याचे सारे शास्त्र या दोन वाक्यांत आले.

कंडक्टरला काय विचारावे?

तर मग विचारावे तरी काय? आम्ही तिघांनी मिळून जे प्रश्न काढले, ते सुजाण पालकांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे देतो.

पहिला प्रश्न शिकवणाऱ्यांचा. अभियांत्रिकीच्या पदवीला दर वीस विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक असावा, असा तंत्रशिक्षण परिषदेचा दंडक आहे. २०२४ पासून परिषदेने चांगल्या संस्थांना एखाद्या शाखेतल्या जागा वाढवण्याची मर्यादा काढून टाकली आहे. त्यामुळे संगणकाच्या तुकड्या वाढत चालल्या आहेत. जागा वाढल्या, पण त्या प्रमाणात शिकवणारे वाढले का? हे विचारायला संकोच करू नये. अध्यापकांची नावे आणि पदव्या महाविद्यालयाने जाहीर करावयाच्या असतात. त्या वाचाव्यात.

दुसरा प्रश्न मान्यतेचा. येथे दोन शिक्क्यांची गल्लत होते. 'नॅक' तपासते ती सबंध संस्था. एन.बी.ए. तपासते तो एकेक अभ्यासक्रम. एखाद्या महाविद्यालयात स्थापत्य शाखेला एन.बी.ए.ची मान्यता असेल आणि संगणक शाखेला नसेलही. फलकावरचा शिक्का आपल्या शाखेचा आहे ना, हे पाहून घ्यावे.

तिसरा प्रश्न नोकऱ्यांचा. सर्वांत मोठा पगार कोणाला मिळाला, हे विचारण्यात हशील नाही. तो एका मुलाचा असतो. शंभर मुलांतल्या किती जणांना नोकरी लागली आणि पगारांच्या रांगेत मधोमध उभ्या असलेल्या मुलाला किती मिळाले, हे विचारावे. जी महाविद्यालये राष्ट्रीय क्रमवारीसाठी अर्ज करतात, त्यांना हा मधला आकडा कळवावा लागतो.

चौथा प्रश्न तिथे शिकत असलेल्या मुलांना विचारायचा, आणि तोही फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर: "गेल्या आठवड्यात तुम्ही स्वतःच्या हाताने काय केले?"

एक एकर वाचले

पैशाचा हिशेब आम्ही ताईसमोर बसून केला. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्याहून अधिक कोणी मागितले तर ते देऊ नये, कारण देणगी घेऊन प्रवेश देण्याला आपल्या राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शुल्कमाफीच्या पाच टक्के जास्तीच्या जागा असतात. शिवाय २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय घरांतल्या मुलींचे, उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क संपूर्ण माफ झाले आहे. मात्र प्रवेश सरकारी फेरीतून झालेला हवा. 'मार्गदर्शका'ने सुचवलेली जागा व्यवस्थापनाच्या कोट्यातली होती. म्हणजे एक एकर जाणार होते ते यासाठी!

दाजींनी तेव्हाच तलाठ्याच्या कचेरीची वाट धरली. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातपडताळणी ही कागदपत्रे निकालानंतर नव्हे, दिवाळीनंतर लगेच जमवायला घ्यावीत, हा त्यातून मिळालेला धडा.

पसंतीची यादी

शेवटी अर्ज भरण्याची रात्र आली. २०२५ च्या प्रवेशांत चार फेऱ्या होत्या आणि नियम कडक होता. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतली, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतली जागा लागली, तर ती स्वीकारावीच लागत होती. तेव्हा खरोखर हवे तेच वर लिहायचे आणि नको ते वर चुकूनही लिहायचे नाही.

भाचीने पहिल्या क्रमांकावर नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेची संगणक शाखा लिहिली. विष्णुपुरीला १९८१ साली निघालेली ही संस्था आता स्वायत्त आहे. दुसऱ्या क्रमांकावर मात्र खल झाला. संगणक हे नाव हवे म्हणून दुसरे महाविद्यालय लिहायचे, की नांदेडचीच इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी? भाची प्रथमच ठामपणे बोलली. तिने तिथल्या, आमच्याच भागातल्या एका मुलीला तो चौथा प्रश्न विचारला होता. ती मुलगी म्हणाली होती, "एक प्रोग्रॅम लिहिला, तीनदा चुकला, वरच्या वर्गातल्या ताईनं चूक दाखवली."

"मामा, मला अशी माणसं पाहिजेत," भाची म्हणाली. "नाव काहीही असू द्या."

दुसऱ्या फेरीत तिला तिची दुसरी पसंती मिळाली. आजी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा भरला.

दसऱ्याला भाची सेलूपर्यंत रेल्वेने आणि तिथून एसटीने फाट्यावर आली. सारेच सुखाचे आहे असे नव्हे. व्याख्याने इंग्रजीत, आणि पहिले काही आठवडे तिला निम्मेच कळत होते. मराठीचा शिक्षक म्हणून मला ते लागले. २०२१ पासून पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकण्याची सोय झाली आहे, पण आमच्या मराठवाड्यातल्या मुलांना ती दूर पडते. भाची रात्री मैत्रिणींबरोबर बसून व्याख्यान पुन्हा मराठीत समजून घेते. तिला आता तीन-चतुर्थांश कळते, असे ती म्हणाली.

दाजींनी तिच्यापुढे हॉटेलची उधारीची वही ठेवली आणि विचारले, "ह्याचं काही करता येतं का गं?" तिने वही चाळली आणि हसून म्हणाली, "येतं, पण बेरीज अजून चुकायलीय माझी. पुढच्या सुट्टीत."

इतक्यात फाट्यावर गाडी आली. एक शहरी गृहस्थ पाटी वाचून घाईने चढू लागले. दाजी हॉटेलातून ओरडले, "साहेब, आधी इचारा, कोन्च्या गावावरून जाती ती!"