उपाशीपोटीची साखर

भाषेच्या अध्यापकाने शरीरधर्मावर बोलावे हे काहीसे अप्रस्तुत वाटेल. तथापि गेली चौदा वर्षे मधुमेह माझा सहचर आहे, आणि या सभागृहातील माझ्या वयाच्या बऱ्याच मंडळींचाही तो असावा असा माझा कयास आहे. मध्यंतरी दोन वर्षांत माझी उपाशीपोटीची साखर ११८ वरून १६४ वर चढली. जेवणानंतरचा आकडा मात्र फारसा हलला नाही. रात्री आठनंतर पाण्याखेरीज काही घेतले नाही, मग ही साखर आली कोठून? उत्तर न सापडल्याने कोणी रात्रीचे जेवणच सोडतो, तर कोणी आपल्या मनाने गोळी वाढवतो. यातील दुसरा उपाय जिवावर बेतू शकतो.

घोटाळा 'उपाशी' या शब्दातच आहे. आपण उपाशी असतो, यकृत नसते. मेंदूला अखंड साखर लागते, म्हणून आपण झोपलेले असताना यकृत तासाला सुमारे सात-आठ ग्रॅम, म्हणजे दीड-दोन चहाचे चमचे, साखर रक्तात सोडत राहते. निरोगी माणसात इन्सुलिन त्यावर अंकुश ठेवते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात यकृत तो अंकुश जुमानत नाही. त्यात पहाटे तीन-चारनंतर शरीर जागे होण्याची तयारी करते, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात आणि साखर आणखी चढते. आपण ब्राह्ममुहूर्ताचे गोडवे गातो, पण मधुमेह्याचे यकृत त्याच वेळी सर्वाधिक उदार होते! मेटफॉर्मिनचे मुख्य काम यकृताला हात आखडता घ्यायला लावणे हेच होय.

यकृत असे बेफिकीर का होते? त्यात साठलेल्या चरबीमुळे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे रॉय टेलर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अकरा मधुमेह्यांना रोज सुमारे ६०० कॅलरींचा आहार दिला गेला. आठवड्याभरातच यकृतातील चरबी घटली आणि सकाळची साखर पूर्वपदावर आली. आमच्या वयात असले धाडस डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये. पण दिशा स्पष्ट आहे. देह सडपातळ म्हणून निश्चिंत राहू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखविले की, वजन-उंचीचे प्रमाण सारखे असूनही भारतीयाच्या अंगी युरोपीयापेक्षा चरबी अधिक असू शकते.

आता आपल्या अवंतिकेकडे वळू. शिंद्यांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या आपल्या घराण्यांनी येथील जिभेचे लाडही आत्मसात केले. शेव घातलेले पोहे, सोबत जिलबी, सुटीच्या दिवशी तुपात बुडवलेले बाफले! त्यात आपली एकादशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याच्या खिचडीला मधुमेह्याने उपवास म्हणू नये. चरकाने प्रमेहाच्या कारणांत बैठ्या सुखाबरोबर दही, नवे धान्य व गुळाचे पदार्थ गणले आहेत. आणि सुश्रुताने निर्धन रोग्याला शंभर योजने चालायला सांगितले. मी कोठी रोडवर रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटे चालतो.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. निजण्यापूर्वी, पहाटे तीनला आणि उठल्यावर असे तीन आकडे दोन-चार रात्री वहीत टिपावेत. तीनचा आकडा ७० च्या खाली असेल, किंवा रात्री घाम फुटत असेल, तर औषध जास्त होत आहे. ग्लिमेपिराइड वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. निजतानाचा आकडाच चढा असेल तर दोष बहुधा उशिराच्या जेवणाचा. निजताना ठीक, तीनलाही ठीक आणि सकाळी चढा, तर पहाटेची संप्रेरके. प्रत्येकाचा उपाय वेगळा, म्हणून वही डॉक्टरांपुढे ठेवावी. केवळ सकाळचा एक आकडा पाहून त्यांनाही निवाडा देणे कठीण जाते.

माझी वही पाहून डॉक्टरांनी जेवण साडेसातला आणले आणि रात्रीचे इन्सुलिन अल्प मात्रेत सुरू केले. उपाशीपोटी १३० च्या आत हे सर्वसाधारण लक्ष्य आहे. वृद्ध व अशक्त रोग्यांना थोडी सवलत असते. माझा आकडा सध्या १३५ च्या आसपास असतो आणि त्यावर डॉक्टर समाधानी आहेत.