दुबार विरळणी

बोटात काटा मोडला की तासाभरात ती जागा लाल होते, फुगते, ठणकायला लागते. शरीराचे रक्षक तिथे धावून आलेले असतात आणि त्यांची धावपळ आपल्याला दिसते, जाणवते. मेंदूत असाच दाह सुरू झाला तर? मेंदूला स्वतःला दुखत नाही; वेदना टिपणारे तंतू त्याच्या आत नाहीतच. कवटीच्या आत दाह वर्षानुवर्षं धुमसत राहू शकतो आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

मेंदूतल्या रक्षकांचं नाव मायक्रोग्लिया. १९१९ साली माद्रिदमध्ये पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षाराने रंगवले, तेव्हा या इवल्या, फांद्याफांद्यांच्या पेशी स्पष्ट दिसल्या. मूळच्या त्या मेंदूतल्या नाहीतच. गर्भ अगदी कोवळा असताना त्याच्या पीतकोशात त्या तयार होतात, तिथून मेंदूत येतात आणि कायमच्या तिथल्या होतात.

पण काचपट्टीवरचा काप मेलेला असतो. त्यात या पेशी निपचित दिसायच्या. संकट आलं की जाग्या होतात, एरवी झोपलेल्या, असंच पुष्कळ वर्षं मानलं गेलं. २००५ साली आक्सेल निमरयान आणि सहकाऱ्यांनी जिवंत उंदराच्या कवटीचं हाड घासून पातळ केलं आणि लेसरच्या सूक्ष्मदर्शकातून आत पाहिलं. झोप कसली! पेशी जागच्या जागी, पण तिच्या फांद्या अखंड हलत होत्या. इकडे चाचपून आखडायच्या, तिकडे नव्या फुटायच्या. या संशोधकांच्या हिशेबाने दर काही तासांत साऱ्या मेंदूची चाचपणी पुरी होते. लेसरने एक बारीकशी रक्तवाहिनी दुखावली, तर काही मिनिटांतच आसपासच्या फांद्या जखमेकडे वळल्या.

ही नुसती राखण नाही, हे बॉस्टनच्या बेथ स्टीव्हन्स यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. बाळाच्या मेंदूत चेतापेशींमधले सांधे गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनतात. एका जागी दोन-तीन दाणे टोकायचे आणि उगवल्यावर जोमदार रोप ठेवून बाकीची उपटायची, ही शेतातली विरळणी. मेंदूतही तेच चालतं. २०१२ साली डोरोथी शेफर आणि स्टीव्हन्स यांनी उंदराच्या पिल्लांच्या दोन डोळ्यांत दोन वेगळे रंग सोडले. डोळ्यांकडून येणारे तंतू मेंदूत जिथे पोचतात, तिथले मायक्रोग्लिया तपासले, तर त्यांच्या पोटात दोन्ही रंगांचे कण! नको असलेले सांधे त्यांनी गिळले होते. कोणतं रोप उपटायचं, याची खूण करण्यात सी१क्यू नावाचं प्रथिन असतं. हेच प्रथिन शरीरात इतरत्र जंतूंवर खूण करतं, की याला खा. मला या गोष्टीतलं हे सगळ्यात विलक्षण वाटतं: जंतू मारायची युक्तीच मेंदू घडवायला वापरलेली.

विरळणी एकदाच करायची असते. २०१६ साली स्टीव्हन्स यांच्या गटाने अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांत पाहिलं, की अमायलॉइड या प्रथिनाच्या गाठी साचण्याआधीच सांध्यांवर सी१क्यू वाढलेलं आहे आणि मायक्रोग्लिया पुन्हा कामाला लागले आहेत. उभं, भरात आलेलं पीक उपटलं जात होतं. सी१क्यूला अडवलं तेव्हा सांधे वाचले. हे उंदरांत, हे विसरायचं नाही. तरी विस्मरणाची सुरुवात पेशी मरण्याआधी, सांधे गळण्यापासून होत असावी, या विचाराला यातून मोठंच बळ मिळालं.

मग या पेशींना गप्पच का करू नये? तेही चालत नाही. ट्रेम-२ हे मायक्रोग्लियाला लागणारं जनुक. त्यातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका बराच वाढवतो, हे २०१३ साली माणसांत आढळलं. उंदरांत हे जनुक बिघडवलं, की पेशी अमायलॉइडच्या गाठीभोवती जमून तिला नीट कुंपण घालत नाहीत. म्हणजे त्या मंदावल्या तरी नुकसान, चेकाळल्या तरी नुकसान. नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या दाह दाबणाऱ्या गोळ्या वयस्कर माणसांना देऊन पाहिल्या गेल्या, पण अल्झायमर टळला नाही. दाहाला सरसकट शत्रू मानणं मला तरी चुकीचं वाटतं. शोध घ्यायचा तो त्या खुणेचा: चांगल्या, चालत्या सांध्यावर सी१क्यू मुळात चिकटतं कशामुळे, आणि चिकटल्यावर पेशी तिथे पोचायच्या आत ते काढता येतं का.