कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक : गाडी सावकाश का, आणि दादर-परळला जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवायचं?

(प्रतिनिधी) पेरणी झाली, तरवा उगवून आला, आता लावणीचे वेध लागलेत. गावात माणसं कमी, म्हणून लालबाग, परळ, गिरगाव, दादरहून चाकरमानी चार दिवसांची रजा काढून लावणीला येतात. दोन महिन्यांनी हीच मंडळी गणपतीला येतात. मधल्या काळात गावाकडची माणसं मुंबईला जातात. कुणी लेकाकडे, कुणी सुनेच्या बाळंतपणाला, तर कुणी परळच्या केईएम किंवा टाटा रुग्णालयात उपचारासाठी. या सगळ्यांचा भरवसा एकाच गोष्टीवर, तो म्हणजे रेल्वे. आणि नेमक्या याच दिवसांत गाड्यांच्या वेळा बदलतात.

२०२५ मध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक १५ जून ते २० ऑक्टोबर या काळात लागू होतं. २०२४ पर्यंत ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असं असायचं. म्हणजे ते १६ दिवसांनी कमी झालं. डोंगरउतारावर जाळ्या बसवणं, सैल दगड काढणं अशी कामं झाल्यामुळे हा काळ कमी करता आला, असं रेल्वेचं म्हणणं आहे.

दरवर्षी बदल होतो, तरी दरवर्षी कुणाची तरी गाडी चुकते. म्हणून हा बदल नेमका काय, कशासाठी, आणि त्यात आपण काय करायचं, हे सविस्तर पाहू.

गाडी सावकाश का चालते?

रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर असा हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग. २६ जानेवारी १९९८ ला तो पूर्ण सुरू झाला. डोंगर फोडून, बोगदे पाडून, नद्यांवर पूल टाकून ही लाईन नेलेली आहे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा. बोगद्याशिवाय जिथे डोंगर मधोमध कापून रूळ टाकलेत, तिथे दोन्ही बाजूला मातीची आणि दगडाची उंच भिंत उभी असते. आपल्याकडचा पाऊस कसा असतो ते शेतकऱ्याला सांगायला नको. तीन-चार दिवस धार लागली की बांध जसा फुगून ढासळतो, तशीच ही भिंत ढासळते. फरक एवढाच, की तिच्याखालून हजार-दीड हजार माणसांची गाडी जात असते.

याची किंमत आपण मोजलेली आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला निघालेली गाडी रुळावर आलेल्या दरडीला धडकली आणि ५० हून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, रायगड जिल्ह्यात करंजाडीजवळ आंबोली पुलापाशी मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली, त्यातही जीव गेले. दोन्ही अपघात जून महिन्यातले, म्हणजे पावसाच्या तोंडावरचे. त्यानंतर पावसाळ्यात वेग कमी ठेवण्याचा नियम कडक झाला.

सध्याच्या नियमाप्रमाणे पावसाळ्यात वीर ते कणकवली या पट्ट्यात गाडीचा वेग जास्तीत जास्त ताशी ७५ किलोमीटर असतो. कणकवलीच्या पुढे उडुपीपर्यंत ९०. पाऊस एवढा जोरात असेल की ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही, तर ताशी ४० च्या वर जायचं नाही, अशी सूचना आहे. खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, राजापूर हे सगळे तालुके त्या ७५ च्या पट्ट्यातच येतात.

दुसरं कारण म्हणजे एकच रूळ. रोहा ते वीर हा साधारण ४७ किलोमीटरचा भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे अजून एकेरी लाईन आहे. समोरून गाडी आली की एकीने स्टेशनात थांबायचं, दुसरीने पुढे जायचं. एक गाडी अर्धा तास लेट झाली तर तिच्यासाठी थांबलेल्या दोन गाड्या लेट होतात, त्यांच्यामुळे आणखी चार. म्हणून वेळापत्रकच आधी सैल करून ठेवतात.

पावसाळ्यात रुळावर रात्रंदिवस गस्त असते. या कामाला सहाशेहून अधिक माणसं लावलेली असतात. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्टेशनांवर पर्जन्यमापक आहेत. सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांच्या पुलांवर पाणी वाढलं की इशारा देणारी यंत्रणा आहे. रत्नागिरीजवळच्या पानवलच्या उंच पुलावर वारा मोजला जातो. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीला पूर आला तेव्हा गाड्या आधीच थांबवल्या गेल्या. जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीजवळ दरड आली तेव्हा वाहतूक सुमारे एक दिवस बंद राहिली. लोक स्टेशनवर ताटकळले, हाल झाले हे खरं. पण माणसं घरी पोचली.

वेळ किती बदलते?

वंदे भारतचं उदाहरण घेऊ, म्हणजे हिशोब लगेच कळेल. एरवी ही गाडी मुंबई सीएसएमटीहून पहाटे ५.२५ ला सुटते आणि दुपारी १.१० ला मडगावला पोचते. पावसाळ्यातही ती ५.२५ लाच सुटते, पण पोचते दुपारी ३.३० ला. म्हणजे २ तास २० मिनिटं जास्त. परतीला एरवी मडगावहून दुपारी २.४० ला निघते, पावसाळ्यात १२.२० लाच निघते, आणि मुंबईला पूर्वीसारखीच रात्री १०.२५ ला येते.

यात ध्यानात ठेवायची गोष्ट अशी. मुंबईहून निघायची वेळ बहुधा तीच राहते, म्हणून चाकरमानी गाफील राहतो. बदल होतो तो आपल्या गावच्या स्टेशनवर. मुंबईहून येणारी गाडी उशिरा येते, आणि मुंबईला जाणारी गाडी लवकर येऊ शकते. "आमची गाडी रोज दोनलाच येते" असं म्हणत निवांत स्टेशनवर जाणाऱ्याची गाडी चुकते ती यामुळे.

शिवाय काही गाड्यांचे दिवसही कमी होतात. वंदे भारत एरवी आठवड्यातून सहा दिवस धावते, पावसाळ्यात तीनच दिवस. मुंबईहून सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि मडगावहून मंगळवार, गुरुवार, शनिवार. कारण साधं आहे. प्रवासाचे तास वाढले की तीच गाडी त्याच दिवशी जाऊन परत येऊ शकत नाही.

दादरची पॅसेंजर : हे पावसाचं कारण नाही

आता मुद्द्याची गोष्ट. गावात चर्चा निघाली की लोक दोन विषय एकात मिसळतात. "पावसामुळे दादरची गाडी दिव्याला थांबते" असं बरेच जण समजतात. तसं नाही.

रत्नागिरी-दादर पॅसेंजर ही गरिबाची गाडी होती. पहाटे रत्नागिरीहून सुटायची, लहान-मोठ्या स्टेशनांवर थांबत दुपारी दादरला जायची. आरक्षण नको, तिकीट स्वस्त. तांदळाची गोणी, फणस, कोकमाची बरणी घेऊन म्हातारी माणसं बसायची आणि दादरला उतरायची. दादरहून परळ एक स्टेशन. लालबागला जायचं तर करी रोड किंवा चिंचपोकळी. गिरगावला जायचं तर पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची लोकल धरायची आणि चर्नी रोडला उतरायचं. गिरणीत कामाला गेलेल्या आपल्या वाडवडिलांनी ज्या चाळींत बिऱ्हाडं केली, त्या चाळींच्या दारापर्यंत नेणारी ही गाडी होती.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सगळ्याच गाड्या बंद झाल्या. नंतर ही गाडी परत सुरू झाली ती दादरऐवजी दिव्यापर्यंत. दिवा ते दादर हा लोकलचा गजबजलेला मार्ग, तिथे पॅसेंजर घुसवली की वेळापत्रक बिघडतं, असं रेल्वेकडून सांगितलं गेलं. प्रवासी संघटनांचा सवाल असा, की दादरहून गोरखपूर आणि बलियाला गाड्या सोडता येतात, तर रत्नागिरीच्या एका पॅसेंजरला जागा का नाही? संघटना आणि लोकप्रतिनिधींनी ही मागणी अनेकदा लावून धरली आहे.

कागदावर दिवा ते दादर हे अंतर जेमतेम ३४-३५ किलोमीटर. तरुण माणसाला त्यात काही वाटणार नाही. पण ज्या बाईला परळला केमो घ्यायला जायचंय, सोबत वयस्कर नवरा आणि दोन पिशव्या आहेत, तिने दिव्याला उतरून पूल चढायचा आणि लोकलमध्ये शिरायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला कळतं. याच दिवा-मुंब्रा पट्ट्यात ९ जून २०२५ ला गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचा जीव गेला.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पावसाळ्यात गाडी सावकाश चालते ती आपल्या जिवासाठी, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. दादरची गाडी दिव्याला थांबते तो नियोजनाचा निर्णय आहे. पावसाळी वेळापत्रक संपलं, तरी दिव्याचा प्रश्न आपोआप सुटत नाही. तो मागतच राहावा लागेल. ग्रामपंचायतीच्या ठरावात, प्रवासी संघटनेच्या निवेदनात हा मुद्दा नीट वेगळा मांडला तरच त्याला वजन येईल.

तोवर काय करायचं?

१) निघण्याआधी वेळ तपासा. रेल्वेच्या एनटीईएस या अॅपवर गाडी नंबर टाकला की ती आता कुठे आहे ते दिसतं. अॅप जमत नसेल तर १३९ ला फोन करा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जुन्या वेळापत्रकाच्या फोटोवर विसंबू नका, त्यावर वर्ष लिहिलेलं नसतं.

२) तुतारी एक्स्प्रेसची तारीख नीट बघा. ही गाडी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. म्हणजे शनिवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट रविवारच्या तारखेचं हवं. मी स्वतः एकदा ही चूक केली आहे. हातात पक्कं तिकीट होतं, पण माझी गाडी आदल्या रात्रीच गेली होती. रात्र दादरच्या फलाटावर काढली. दोष कुणाचा नव्हता, माझाच.

३) दिव्याहून परळ, करी रोड, चिंचपोकळीला जायचं असेल तर धीमी लोकल पकडा. ती या तिन्ही स्टेशनांवर थांबते, दादरला परत बदलावी लागत नाही. जलद लोकलच्या मागे धावू नका. पॅसेंजरचं तिकीट दिव्यापर्यंतचंच असेल तर लोकलचं वेगळं काढा.

४) दवाखान्याची तारीख असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. रात्रीच्या गाड्या पहाटे-सकाळी दादरला येतात खऱ्या, पण पावसात दोन-तीन तास उशीर झाला तर सकाळची ओपीडी चुकते. जेवणाचा डबा, पाणी आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, सीटखालच्या बॅगेत नको.

५) गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्ही प्रवास करणार नसाल, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. मात्र गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी खिडकीवर तिकीट परत द्यावं लागतं. मोबाईलवर काढलेलं असेल तर त्यावरच टीडीआर भरावा लागतो. गाडी निघून गेल्यावर हा हक्क राहत नाही.

६) गणपतीचं आरक्षण वेळेत करा. आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं, हा बदल नोव्हेंबर २०२४ पासून झालाय. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. तेव्हा २३ ऑगस्टच्या गाडीचं आरक्षण २४ जूनला, २४ चं २५ जूनला, २५ चं २६ जूनला आणि २६ ऑगस्टचं २७ जूनला सकाळी ८ वाजता उघडणार होतं. पाच-दहा मिनिटांत वेटिंग लागतं, तेव्हा मुंबईतल्या पोरांना आधीच फोन करून सांगा. मोबाईलवर काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगलाच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत चढू नका.

७) तत्काळवर अवलंबून असाल तर १ जुलै २०२५ पासूनचा नियम लक्षात ठेवा. ऑनलाईन तत्काळ तिकीट फक्त आधार जोडलेल्या खात्यावरूनच निघतं. ज्याचं खातं आहे त्याने आधार आत्ताच जोडून घ्यावं. ऐन वेळी ओटीपी येत नाही, कारण आधारला जुना मोबाईल नंबर असतो. तो आधी बदलून घ्या.

८) दिवाळीला येणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरपासून नियमित वेळापत्रक लागणार होतं. भाऊबीज २३ ला होती. येताना पावसाळी वेळ आणि जाताना नेहमीची वेळ, असं काहींच्या बाबतीत होऊ शकतं. परतीच्या गाडीची वेळ पुन्हा एकदा बघा.

शेवटी एवढंच. लावणीला येणारा पोरगा दोन तास उशिरा आला तरी चालेल, चोंढ्यातला चिखल कुठे जात नाही. त्याला फोनवर "किती वेळ लागतोय" म्हणून सारखं विचारू नका. गाडी कुठल्या तरी स्टेशनात उभी असेल, कारण पुढे पावसात कंदील घेऊन कुणीतरी रूळ बघत चाललाय.